तांब्या-पितळेच्या भांड्यांचा कॅटलॉग छापताना: 86 वस्तू, 24 पृष्ठे, 1000 प्रती

प्रश्न थोडक्यात असा: तांब्या-पितळेची भांडी करणारा घरचा कारखाना आहे. वस्तू 86, त्यांची मापं धरली तर अडीचशेच्या आसपास. गावोगावच्या भांड्यांच्या दुकानदारांना द्यायला ए-4 आकाराचा, 24 पानी रंगीत कॅटलॉग हवा आहे. प्रती 1000, आणि दिवाळीच्या ऑर्डरी सुरू होण्याआधी. फोटो मोबाइलवर काढून ठेवलेत. डिझायनरने कव्हरचे तीन नमुने दिलेत. त्यातला कुठला घ्यावा आणि पुढे काय करावं?

सध्या तिन्ही बाजूला ठेवा. कव्हर सगळ्यात शेवटी करायचं असतं, आणि त्यावर कोणतं भांडं येईल हे आतले फोटो झाल्याशिवाय कळत नाही.

दुकानदार कॅटलॉग वाचत बसत नाही. गल्ल्यावर बसून, फोन कानाला लावून, पानावर बोट ठेवून तो ऑर्डर सांगतो. "214, दोन नंबर, दोन डझन" एवढं बोलून ऑर्डर पूर्ण झाली, तर कॅटलॉग जमला. "ती मोठी कळशी हो, त्या आधीच्यापेक्षा जरा बुटकी" असं सांगायची वेळ आली, तर कितीही देखणा असला तरी फसला. खालचं सगळं या एका कसोटीवर बेतलेलं आहे.

आधी एक्सेल

डिझाइनला हात लावण्याआधी एक शीट करा. एका मापाला एक ओळ, म्हणजे अडीचशे ओळी. रकाने हे: कोड, नाव, धातू, घडण (साधी, मठार म्हणजे हातोडीच्या ठोक्यांची, नक्षी), व्यास, उंची, क्षमता, वजन, पत्र्याची जाडी, कल्हई आहे की नाही, झाकण आहे की नाही, पेटीत किती नग, फोटोचा क्रमांक. हे काम कंटाळवाणं आहे आणि डिझायनर ते तुमच्यासाठी करणार नाही. पण निम्म्या चुका इथेच टळतात.

कोड फक्त आकड्यांचा ठेवा. अक्षरं घातली की फोनवर बी, डी, पी आणि टी यांचा घोळ होतो. पहिला आकडा गटाचा, पुढचे दोन वस्तूचे, मग आडवी रेघ आणि मापाचा क्रमांक: 214-2. कोडची सुरुवात शून्याने करू नका, एक्सेल ते शून्य गिळतं. आणखी एक सावधगिरी: 3-4 किंवा 12-5 असले छोटे कोड एक्सेल तारीख समजून बदलतं, म्हणून पहिला भाग तीन आकडीच हवा आणि तो रकाना आधीच "टेक्स्ट" करून ठेवलेला बरा. नवीन वस्तू येणारच, तेव्हा प्रत्येक गटात दहा-पंधरा क्रमांक मोकळे सोडा.

मापं जुन्या बिलावरून उतरवू नका, नव्याने घ्या. क्षमतेसाठी भांडं वजनकाट्यावर ठेवून काटा शून्यावर आणायचा, पाणी भरायचं आणि आकडा वाचायचा. एक किलो पाणी म्हणजे एक लिटर, इतकं सोपं आहे. फक्त पाणी काठोकाठ भरायचं की गळ्यापर्यंत, हे एकदा ठरवा आणि सगळ्या भांड्यांना तेच लावा. व्यासाचंही तसंच. परातीचा व्यास काठ ते काठ, पण कळशीचा पोटाशी घेतलाय की तोंडाशी? माप कुठून कुठे घेतलं, हे दाखवणारी एक छोटी रेषाकृती सुरुवातीच्या पानावर द्या.

हाताने घडवलेल्या भांड्याचं वजन नगागणिक थोडं बदलतं. म्हणून वजनाआधी "सुमारे" लिहा आणि किती टक्के कमी-जास्त होऊ शकतं ते ऑर्डरच्या अटींत एकदाच सांगा. पत्र्याची जाडी नुसत्या गेजमध्ये देऊ नका. गेजचा आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो, आणि नव्या दुकानदाराला हे उलटं वाटतं. 20 गेज म्हणजे सुमारे 0.91 मिमी, 22 म्हणजे 0.71, 24 म्हणजे 0.56. दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापा.

नावांचा प्रश्न वेगळाच. तुम्ही ज्याला कळशी म्हणता त्याला कुणी घागर म्हणेल, विदर्भात गुंड म्हणतील, गोव्यात कळसो. पानावर एकच नाव ठेवा, पण शेवटच्या सूचीत बाकीची नावंही घालून तोच कोड द्या.

किंमत आत छापू नका

तांब्याचा भाव रोज हलतो. कॅटलॉग दोन वर्षं चालावा अशी अपेक्षा असते, आणि किंमत मात्र दोन महिन्यांत शिळी होते. किमतींचं वेगळं पत्रक करा: कोडच्या क्रमाने, एका रंगात, ए-4 मॅपलिथो (चमक नसलेल्या साध्या) कागदावर, दोन्ही बाजूंनी छापलेलं आणि वर ठळक तारीख घातलेलं. भाव बदलला की हे पत्रक स्वस्तात पुन्हा निघतं. ऑर्डर फॉर्मही मॅपलिथोवरच घ्या, कारण चकचकीत आर्ट पेपरवर बॉलपेन नीट उठत नाही आणि शाई पुसली जाते.

जीएसटी किमतीत मिळवून छापू नका. "दर जीएसटी सोडून" एवढं पुरे. एचएसएन क्रमांक (जीएसटीसाठी वस्तूचा वर्ग सांगणारा) मात्र जरूर द्या. तांब्याची आणि पितळेचीही घरगुती भांडी 7418 खाली येतात. सप्टेंबर 2025 मध्ये कराचे टप्पे बदलले तेव्हा ज्यांनी कर धरून किमती छापल्या होत्या त्यांचे गठ्ठे एका रात्रीत जुने झाले.

पृष्ठांचा हिशोब

प्रेसला "24 पानं" सांगू नका. मराठीत पान म्हणजे कागदाची एक बाजूही असते आणि अख्खा कागदही, आणि कोटेशनमध्ये त्यावरून भांडणं होतात. "24 पृष्ठे अधिक 4 पृष्ठांचं कव्हर" असं लिहून द्या.

24 मधली 2 पृष्ठं मापाची आकृती आणि ऑर्डरच्या अटींना, 1 निगा आणि कल्हईच्या माहितीला, 1 सूचीला. उरली 20, त्यात 86 वस्तू, म्हणजे सरासरी पृष्ठाला सवाचार. पण सरासरीने वाटू नका. गेल्या वर्षीची विक्री काढा. जास्त चालणाऱ्या आठ-दहा वस्तूंना अर्धं पृष्ठ द्या. पळी, पंचपात्र, ताम्हन, निरांजन असल्या छोट्या पूजेच्या वस्तू एका पृष्ठावर आठ बसतात आणि एकत्र असल्या तर उलट जास्त खपतात. वर्षाला ज्यांचे चार नगही जात नाहीत त्यांना फोटो नको, सूचीत एक ओळ पुरे.

गट धातूवरून पाडायचे की वापरावरून? दुकानदार गिऱ्हाइकाच्या बोलीत विचार करतो: पाण्याची भांडी, स्वयंपाकाची, पूजेची, आंघोळीचं घंघाळ नि बंब, भेटवस्तू. म्हणून गट वापरावरून पाडा. मात्र छपाईच्या सोयीसाठी एक गोष्ट ध्यानात ठेवा. मध्यभागी पिन मारलेल्या 24 पृष्ठांत आठ-आठ पृष्ठांचे तीन फर्मे (एका शीटवर छापले जाणारे पृष्ठांचे संच) एकात एक बसतात. बाहेरच्या फर्म्यात 1 ते 4 आणि 21 ते 24, मधल्यात 5 ते 8 आणि 17 ते 20, आतल्यात 9 ते 16. एका फर्म्यातली पृष्ठं एकत्र छापली जातात, त्यामुळे त्यांचा रंग एकमेकांशी जुळतो. पाण्याची तांब्याची भांडी 9 ते 16 मध्ये आणलीत तर सलग आठ पृष्ठांवर तांब्याची झाक सारखी राहते. दोन पृष्ठांवर पसरलेला मोठा फोटो घ्यायचाच असेल तर तो 12-13 वर घ्या, ती एकच शीट असते. इतर जोडपानांवर फोटोचे दोन अर्धे वेगळ्या ठिकाणी छापले जातात, आणि हंड्याचं पोट मधोमध दोन रंगांचं दिसतं.

फोटो: खरी गोम इथेच आहे

मोबाइलवरचे फोटो बहुतेक पुन्हा काढावे लागतील. मोबाइल वाईट म्हणून नव्हे, तर घासलेलं तांबं हा आरसा आहे म्हणून. त्यात खोलीची खिडकी, छताची ट्यूब, फोटो काढणाऱ्याचा शर्ट, सगळं दिसतं. यावर पोलरायझर फिल्टर घेऊ नका. काचेवरची किंवा पाण्यावरची चमक त्याने कमी होते, धातूवरची होत नाही.

करायचं ते असं. भांड्यावर दिवा थेट पाडायचा नाही. भांड्याच्या दोन्ही बाजूंना आणि वरती पांढरा पडदा उभा करा. ट्रेसिंग पेपर किंवा जाड पांढरं कापड चौकटीवर ताणलं तरी चालतं, फक्त पडदा भांड्यापेक्षा बराच मोठा हवा. दिवे पडद्याच्या मागून. मग भांड्यात दिवा न दिसता पडद्याचा मऊ पांढरा पट्टा दिसतो. पण चोहीकडे पांढरंच केलंत तर भांडं सपाट दिसेल आणि कडा पार्श्वभूमीत विरघळतील. म्हणून चौकटीच्या अगदी बाहेर, दोन्ही बाजूंना, काळ्या कार्डपेपरच्या दोन-तीन इंच रुंद उभ्या पट्ट्या लावा. त्यांचं प्रतिबिंब कळशीच्या पोटाच्या कडेने बारीक गडद रेघ होऊन उतरतं, आणि गोलाई एकदम उठून दिसते. पट्टी पुढे-मागे सरकवून ती रेघ कुठे येते ते बघत राहा, पाच मिनिटांत हात बसतो.

मठार कामाला याच्या उलट लागतं. हातोडीचे ठोके दिसायला प्रकाश एका बाजूने, तिरका आणि थोडा कडक हवा. पडदा लहान करा किंवा दिवा जवळ आणा. मऊ प्रकाशात मठार भांडं नुसतं पोचे पडल्यासारखं दिसतं. मठार हाच तुमच्या मालाचा विशेष असेल तर हे दोन प्रकारचे फोटो वेगवेगळ्या दिवशी घ्या, मांडणी सारखी बदलत बसू नका.

भांडी त्याच दिवशी घासलेली हवीत. चिंच-मिठाने घासून, स्वच्छ धुऊन, लगेच कोरडी करा. थेंब राहिला तर तिथे डाग धरतो आणि फोटोत तो मोठा होऊन येतो. त्यानंतर हात लावायचा तो सुती हातमोजे घालूनच. बोटाचा ठसा मागाहून संगणकावर पुसण्यात फोटोमागे वीस मिनिटं जातात. लाखेचा किंवा लॅकरचा हात दिलेली आणि न दिलेली भांडी एका चौकटीत ठेवू नका, चमक वेगळी दिसते.

मोबाइलच वापरायचा असेल तर रुंद लेन्स नको. दीड-दोन मीटर मागे जाऊन दुप्पट झूमची लेन्स वापरा, नाहीतर तोंड मोठं आणि बूड लहान दिसतं. स्टँड हवाच. कॅमेऱ्याची उंची आणि कोन जमिनीवर चिकटपट्टी लावून पक्के करा, म्हणजे 86 वस्तू एकाच घरातल्या वाटतात. खिडकीचा उजेड आणि ट्यूबलाइट एकत्र नको. एकाच प्रकारचे दिवे, तेही रंग नीट दाखवणारे, सीआरआय 95 च्या वरचे. प्रत्येक मांडणीच्या सुरुवातीला करड्या कार्डाचा एक फोटो घ्या, रंग त्यावरून जुळवता येतो.

फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलीत तर ती दाबली जाते. ड्राइव्हवर टाका, किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरच पण "डॉक्युमेंट" म्हणून. छापील आकाराला इंचाला 300 पिक्सेल लागतात. 6 सेंमी रुंद फोटोला सुमारे 710 पिक्सेल पुरतात, पूर्ण ए-4 ला 2480 बाय 3508 हवेत. लहान फोटो फोटोशॉपमध्ये ताणून 300 केला तर आकडा वाढतो, तपशील वाढत नाही.

एका गटात मापाचा अंदाज यायला हवा. तीन मापांच्या कळशा एकत्र, एका ओळीत, एकाच फोटोत घ्या. वेगवेगळे फोटो घेऊन डिझायनर त्यांना समान आकाराच्या चौकटीत बसवतो, आणि पानावर 3 लिटर नि 8 लिटर सारखेच दिसतात. परत आलेल्या मालाचं हे एक नेहमीचं कारण.

तांब्याचा रंग कागदावर

पडद्यावर दिसणारी तांब्याची लकाकी चार रंगांच्या छपाईत तशीच येत नाही, ही मर्यादा आधीच मान्य करा. फोटो सीएमवायकेमध्ये (सायन, मॅजेंटा, यलो आणि काळा या छपाईच्या चार रंगांत) बदलल्यावर मधल्या छटेचे टक्क्यांतले आकडे बघा. तांब्यासाठी मॅजेंटा 55 ते 65, यलो 65 ते 80, सायन 15 ते 20 च्या आसपास असेल तर ठीक. सायन वाढला की तांबं मातकट होतं, मॅजेंटा यलोच्या पुढे गेला की गुलाबी. पितळेत यलो तसाच, मॅजेंटा 25 ते 35 वर उतरतो. तांबं आणि पितळ शेजारी छापलं तर दोन्ही वेगळे कळले पाहिजेत. नुसतं "उजळ करा" सांगितलं की दोन्ही सोनेरी होऊन बसतात. सगळ्यात उजळ ठिकाणी पूर्ण पांढरं ठेवा, कारण धातूची चमक डोळ्याला त्या पांढऱ्या ठिपक्यावरूनच कळते.

पार्श्वभूमी फिकट करडी किंवा मोतिया. गडद तपकिरी किंवा काळी पार्श्वभूमी डिझायनरला फार आवडते. तुमच्या तीन कव्हरांपैकी निदान दोन तशी असणार यावर पैज लावायला हरकत नाही. आतल्या पृष्ठांवर ती टाळा. दाट शाई वाळायला वेळ घेते, वरच्या शीटच्या पाठीला लागते, घडीवर तडकते आणि बोटांचे ठसे दाखवते. शिवाय मशीनवर शाई उभ्या पट्ट्यांत सोडली जाते. एका पृष्ठावर गडद रंगासाठी शाई वाढवली की त्याच पट्ट्यातल्या दुसऱ्या पृष्ठावरचं तांबंही लाल होतं. चारही रंगांची बेरीज 300 टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका.

मजकूर फक्त काळ्या शाईत. चार रंगांचा काळा बारीक अक्षराला वापरला की जरा रजिस्टर (रंगांची एकमेकांवरची बसणी) हललं तरी अक्षरं दुहेरी दिसतात. रंगीत पट्टीवर पांढरी बारीक अक्षरंही त्याच कारणाने नकोत. कोडचे आकडे तर नकोतच.

मराठी अक्षर

जुन्या प्रेसमध्ये अजून कोरलड्रॉ आणि जुन्या पद्धतीचे, युनिकोड नसलेले फॉन्ट चालतात. तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मजकूर त्यांच्याकडे पुन्हा टाइप होतो आणि "कल्हई"ची "कलई" होते. मजकूर युनिकोडमध्येच द्या आणि युनिकोड फॉन्टमध्येच लावायला सांगा. मुक्ता, बालू, नोटो सॅन्स देवनागरी हे मोफत आहेत आणि छपाईला चांगले चालतात. इनडिझाइनमध्ये "वर्ल्ड-रेडी" कंपोझर चालू केला नाही तर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाते आणि जोडाक्षरं फुटतात. तीन शब्द तपासायला ठेवा: "किटली", "निरांजन", "पंचपात्र". पहिल्याच प्रूफात हे नीट दिसले तर बाकीचं बहुधा नीट असतं. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे भाषा "मराठी" निवडली की ल आणि श आपल्या वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाही.

नावाला 11 पॉइंट ठळक, मापांच्या तक्त्याला 9, ओळींमध्ये 13 ते 14 पॉइंट अंतर. देवनागरीला वर मात्रा नि खाली उकार असतात, इंग्रजीसाठी ठरवलेलं अंतर ठेवलं तर ओळी एकमेकींत अडकतात. आकडे सगळीकडे एकाच लिपीत ठेवा. ₹ हे चिन्ह 2010 नंतरचं आहे, जुन्या फॉन्टमध्ये नसतं, आणि छापून आल्यावर तिथे रिकामा चौकोन दिसतो. किंमतपत्रकात हे मुद्दाम बघा.

एका वस्तूचा मजकूर असा दिसावा:

214 कळशी, मठार
तांबे, 22 गेज (0.71 मिमी), आतून कल्हई नाही
214-1: 3 लिटर, पोटाचा व्यास 19 सेंमी, सुमारे 750 ग्रॅम, पेटीत 12
214-2: 5 लिटर, पोटाचा व्यास 22 सेंमी, सुमारे 1 किलो, पेटीत 8
214-3: 8 लिटर, पोटाचा व्यास 26 सेंमी, सुमारे 1.4 किलो, पेटीत 6

विशेषणं नाहीत. "आकर्षक", "दर्जेदार", "पारंपरिक" हे शब्द 86 वेळा आले की कुणी वाचत नाही. तांब्यातल्या पाण्याने अमुक आजार बरा होतो असलं तर अजिबात छापू नका. रोग बरा करण्याच्या जाहिरातींवर 1954 पासून कायदा आहे, आणि कागदावर छापलेला दावा कायमचा पुरावा ठरतो. त्यापेक्षा पितळेच्या पातेल्यात आंबट शिजवायचं तर कल्हई हवी, ती झिजली की पुन्हा करून घ्यायची, हे निगेच्या पृष्ठावर लिहा. दुकानदार ते गिऱ्हाइकाला वाचून दाखवतो.

कागद, आकार, पिन

आकार ठरवण्याआधी प्रेसला कागदाची शीट विचारा. ब्लीड (कटिंगसाठी कडेबाहेर वाढवलेला छापील भाग) धरून ए-4 नीट बसतो तो 25 बाय 36 इंचाच्या शीटमध्ये. 23 बाय 36 मध्ये तो बसत नाही, कारण ए-4 च्या दोन उंच्या 23.4 इंच होतात. प्रेसकडे 23 बाय 36 चाच साठा असेल तर साडेआठ बाय अकरा इंच हा आकार घ्या, कागद वाया जात नाही. आणखी स्वस्तात हवं असेल तर 20 बाय 30 मधून निघणारा सव्वासात बाय साडेनऊ इंचही वाईट नाही, दुकानदाराच्या खणात तो ए-4 पेक्षा बरा मावतो.

आत 130 जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आर्ट पेपर. 90 चा घेतला तर मागच्या पृष्ठावरचा हंडा पुढे दिसतो. 170 चा घेतला तर 24 पृष्ठांच्या पुस्तिकेला पिन मारल्यावर ती मिटत नाही, तोंड वासून राहते. कव्हर 250 जीएसएम, बाहेरून मॅट लॅमिनेशन, आणि घडी घालण्याआधी क्रीझिंग, म्हणजे घडीच्या जागी खाच दाबून घेणं. क्रीझिंगचा खर्च वाचवला की कण्यावर रंग तडकून पांढरी रेघ पडते. कागदाचा ग्रेन (तंतूंची दिशा) कण्याला समांतर हवा, हेही कोटेशनमध्ये लिहा. या हिशोबाने ए-4 ची एक प्रत साधारण 130 ग्रॅम भरते. कुरिअरचा खर्च काढताना हा आकडा लागेल.

पिनच्या पुस्तिकेत आतली पृष्ठं थोडी बाहेर सरकतात. इथे ते जेमतेम मिलिमीटरभर आहे, पण पृष्ठाच्या कडेने बारीक चौकट काढली असेल तर कटिंगनंतर ती एका बाजूला जाड नि दुसऱ्या बाजूला पातळ दिसते. चौकट नकोच. ब्लीड चारी बाजूंनी 3 मिमी, मजकूर कडेपासून 8 मिमी आत.

पृष्ठं वाढवायची तर 28 ऐवजी थेट 32 करा. अठ्ठावीसला अर्धा फर्मा पडतो आणि पैसे जवळजवळ पूर्ण फर्म्याचे लागतात. 19 बाय 26 च्या मशीनवर 25 बाय 36 ची अर्धी शीट, म्हणजे 18 बाय 25, चढते. आठ पृष्ठांच्या एका फर्म्याला दोन्ही बाजूंच्या मिळून 8 प्लेट (प्रत्येक बाजूला रंगागणिक एक), तीन फर्म्यांच्या 24, कव्हरच्या वेगळ्या. फर्म्यामागे शंभर-दीडशे शीट रंग जुळवण्यातच जातात. म्हणून दोन-तीनशेच प्रती हव्या असतील तर ऑफसेट (प्लेटवरची छपाई) परवडत नाही, डिजिटल घ्या. हजाराला ऑफसेटच. पाचशेचं आणि हजाराचं असे दोन्ही दर मागा, फरक बघून आश्चर्य वाटेल.

प्रेसला फाइल, आणि प्रूफ

कोरलची उघडी फाइल देऊ नका. आवृत्ती वेगळी असली की सावल्या आणि पारदर्शक भाग बदलतात. पीडीएफ एक्स-1ए द्या: फॉन्ट आत बसवलेले, सगळं सीएमवायके, ब्लीड आणि कटिंग मार्कसह, पृष्ठं सुट्टी आणि क्रमाने. जोडपानं करून देऊ नका, मांडणी प्रेस करेल. फाइलच्या नावात तारीख घाला. "फायनल", "फायनल नवीन", "फायनल शेवटचं" यातली चुकीची फाइल प्लेटवर गेल्याचे प्रकार प्रत्येक प्रेसला माहीत असतात.

क्यूआर कोड घालणार असाल तर निदान 2 सेंमीचा, पांढऱ्यावर काळा, चारी बाजूंना मोकळी जागा सोडून. तो स्वतःच्या डोमेनवरच्या अशा पत्त्याकडे न्या, जिथे ताजं किंमतपत्रक ठेवता येईल. मोफत क्यूआर देणाऱ्या सेवांचे काही कोड मुदत संपली की बंद पडतात, आणि छापलेला कोड बदलता येत नाही.

प्रूफ तीन वेळा. पहिलं साध्या प्रिंटरवर, मजकुरासाठी: एकाने एक्सेलमधून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने पानावर बोट ठेवून बघायचं. अडीचशे ओळींना दोन-अडीच तास लागतात. हे काम ज्याने एक्सेल भरलं त्याला देऊ नका, त्याला स्वतःची चूक दिसत नाही. दुसरं, साध्या कागदाची घडी घातलेली, पृष्ठांच्या क्रमाची डमी. तिसरं रंगाचं, प्रत्यक्ष वापरायच्या कागदावर. ते बघताना खरी कळशी शेजारी ठेवा, आणि दुकानाच्या पिवळ्या दिव्याखाली नाही, दिवसाच्या उजेडात.

छपाई सुरू होताना निदान 9 ते 16 च्या फर्म्याला मशीनवर उभे राहा. पहिल्या शीटवर निर्णय घेऊ नका, रंग स्थिरावायला पाच-दहा मिनिटं लागतात. "जरा लाल कमी" असं सांगण्यापेक्षा "या कळशीत मॅजेंटा कमी, पण खालच्या पितळेला हात लावू नका" असं सांगितलं की ऑपरेटरला कळतं. पसंत शीटवर सही करून एक स्वतःकडे ठेवा.

वेळेचं म्हणाल तर दुकानदार धनत्रयोदशीच्या मालाची ऑर्डर नवरात्राच्या आधीच देऊन मोकळे होतात. म्हणजे कॅटलॉग गणपतीपर्यंत त्यांच्या हातात हवा. उलट मोजा: पोचवायला आठ दिवस, छपाई-बाइंडिंगला दहा-बारा, प्रूफांना आठ, मांडणीला तीन आठवडे, फोटोंना एक आठवडा, एक्सेलला दोन. म्हणजे ज्येष्ठाच्या मध्यापर्यंत मापं घ्यायला बसावं लागतं. दसरा-दिवाळीच्या तोंडावर प्रेस कॅलेंडर आणि भेटकार्डांनी भरलेले असतात आणि तुमचे तीन फर्मे मागे सरकतात, मग प्रेस पुण्याच्या नारायण पेठेतला असो की तमिळनाडूतल्या शिवकाशीचा.

माल आला की गठ्ठे मोजा, प्रत्येक गठ्ठ्यातल्या दोन-तीन प्रती उघडून फर्म्यांचा क्रम आणि पिना बघा. सगळ्या मूळ फाइली, कापलेले फोटो आणि एक्सेल डिझायनरकडून लगेच मागून घ्या. हे आधीच ठरवून कोटेशनमध्ये लिहिलेलं असावं. एक प्रत गल्ल्याशेजारी दोरीला बांधून ठेवा, आणि फोनवर दुकानदार जिथे जिथे अडखळतो तिथे लाल पेनाने खूण करत जा. पुढच्या आवृत्तीचं काम तिथून सुरू होईल.